फिनिक्सला येताय? जुलैतच या!

अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या फिनिक्सला यायचं ठरतंय? मग जुलैच गाठा. नोव्हेंबर ते मार्च इथे हवा सुरेख असते, कॅनडा-मिनेसोटातली म्हातारी मंडळी थंडी चुकवायला इथे येऊन राहतात; पण त्यांना काय कळतंय! जुलैत हॉटेलं स्वस्त मिळतात. का मिळतात, ते विचारायचं नाही.

इथे राहणाऱ्या माणसाने तोंड उघडलं की त्याला लगेच ऐकवा, "आम्ही भुसावळचे, आम्हाला उन्हाचं कौतुक नका सांगू!" भुसावळला मे महिन्यात दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, हे त्या वेळी आठवू नये. मी स्वतः जळगावचा आहे, हे तर अजिबातच नाही. २०२३ मध्ये इथे सलग ३१ दिवस पारा रोज ४३ सेल्सिअसच्या पुढे गेला. त्यातल्या कित्येक रात्री तो ३२च्या खाली उतरलाच नाही. पण असू दे, तुम्ही भुसावळचे.

ग्रँड कॅनियन 'संध्याकाळी सहज' करून या. एका बाजूला फक्त ३७० किलोमीटर. मुंबईहून कोल्हापूरला चहा प्यायला जाता ना, तसंच.

टेडी बेअर नावाचा एक गोंडस निवडुंग आहे. मुलांना त्याला मिठी मारू द्या. येताना कंगवा आणा, काटे उपसायला तोच लागतो.

सवारो म्हणजे इथला खांबासारखा उंच निवडुंग. त्याला पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं लागतात. त्यावर 'पप्पू' कोरायला दोन मिनिटं पुरतात.

धुळीची भिंत अंगावर येताना दिसली की व्हिडिओ काढत गाडी दामटा. रस्ता सोडून कडेला थांबायचं, सगळे दिवे बंद करायचे, ब्रेकवरचा पाय काढायचा, असं इथलं वाहतूक खातं सांगतं. त्याला कोण लाइक देणार?

आणि कॅमलबॅक. तो तर चढायलाच हवा. उंटाच्या पाठीसारखा डोंगर, शहराच्या मधोमध, वर जायला जेमतेम दोन किलोमीटर. दोन किलोमीटर म्हणजे काय हो, आमचे पाहुणे दर रविवारी सिंहगड चढतात! पाहुणे म्हणजे बायकोचा मावसभाऊ, माझा मेहुणा. मूळ भुसावळ, मुक्काम पुणे. म्हणजे उन्हातलंही सगळं कळतं आणि बाकीचंही. आदल्या रात्री मी त्यांना सांगितलं होतं की कडक उन्हाच्या इशाऱ्याच्या दिवशी ती वाट सकाळीच बंद करतात, संध्याकाळी पाचपर्यंत. त्यातून त्यांनी नेमकं काय घेतलं? की बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी आत शिरलं तर चालतं! मी ऑफिसात. गडी सकाळी टॅक्सी करून गेला. चौघांत अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. पायात चपला. सोबत आठ वर्षांचा मुलगा.

सिंहगडावर वाटेत ताकवाली बसते, लिंबू सरबत मिळतं, वर पोचलं की पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. कॅमलबॅकवर दगड मिळतात. तापलेले. झाड नाही, सावली नाही, एका टप्प्यावर कठडा धरून खडक चढायचा, तर कठडाही लोखंडाचा. हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं आपण मजेत आहोत. निम्मं पाणी संपलं की माघारी फिरायचं, एवढा साधा नियम. यांचं सगळं पाणी संपलं, तेव्हा यांना शिखर 'हे इथेच' दिसत होतं.

मुलाला उलट्या सुरू झाल्यावर फोन केला. मला केला! मी ९११ लावला, इथला आणीबाणीचा नंबर.

२०२१ मध्ये अशाच सुटका करता करता अग्निशमन दलाचेच जवान उन्हाने आडवे झाले होते, म्हणून तर या वाटा बंद करायला लागले. त्याच दलाचे लोक आता यांच्यासाठी वर गेले, सगळं ओझं पाठीवर घेऊन, आणि पोराला एका चाकाच्या स्ट्रेचरवर बांधून खाली घेऊन आले. मी पार्किंगमध्ये उभा होतो. मेहुण्याचा पहिला प्रश्न काय असावा? "याचं बिल येईल का?"

नाही आलं बिल. यायला हवं होतं.

रात्री जेवताना तोच माणूस सगळ्यांना सांगत होता की इथल्या लोकांना चालायची सवय नाही, म्हणून एवढा बाऊ करतात. पोरगं सलाईन घेऊन आल्यावर शेजारच्या खोलीत झोपलेलं. बायकोने टेबलाखालून माझा गुडघा दाबला म्हणून मी गप्प बसलो. इथे लिहितोय, इथे कोणी गुडघा दाबत नाही.

अहो, २०२३ मध्ये या एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, उन्हाने ६४५ माणसं गेली. जवळपास निम्म्यांना जायला घर नव्हतं, कित्येकांना थंड खोली नव्हती. तुम्हाला होती! माझी पाहुण्यांची खोली होती, एसी चालू होता, फ्रिजमध्ये कैरीचं पन्हं होतं. तुम्ही ते सोडून आठ वर्षांच्या पोराला चपलांवर तापल्या दगडात घेऊन गेलात, कशासाठी, तर वरून फोटो हवा म्हणून. लाज वाटत नाही का? सिंहगड चढत असाल, चढा. तिथेही मे महिन्यात दुपारी एक वाजता जात नाही ना? मग इथेच कुठे अक्कल गहाण ठेवता? पोराला बोलता येत होतं, तो "बाबा, परत जाऊ" म्हणत होता, हे त्याने मला स्वतः सांगितलंय.

जानेवारीत या. खोली रिकामी आहे, पहाटे उठून मीच तुम्हाला कॅमलबॅकला नेईन. जुलैत आलात तर फोन बायकोला करा.