उजव्या कोपऱ्यातलं झाड

"जुनी आहे का हो ही लेन्स?"

"नाही, नवीन आहे."

"मग अशी का दिसते?"

"मुद्दाम तशी बनवलीय."

"ऑटोफोकस?"

"नाही."

"स्टॅबिलायझेशन?"

"नाही."

"झूम?"

"नाही."

"मग हिच्यात नवीन काय आहे?"

विचारणारे गृहस्थ कानटोपीत होते आणि प्रश्न चोख होता. चोख होता म्हणूनच राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही.

लेन्स २८ मिलिमीटर फोकल लेंग्थची (हा आकडा जेवढा लहान तेवढं दृश्य रुंद, म्हणजे वाइड), एफ/२.८ (हा जेवढा लहान तेवढं प्रकाशाचं भोक मोठं). पितळी नळी, दातेरी कडी, अंतराचे आकडे मीटरमध्ये पांढरे आणि फुटांत पिवळे. विजेचा एकही संपर्कबिंदू नाही, त्यामुळे पुढे काही बसवलंय हे कॅमेऱ्याला कळतच नाही. मेनूत खोल कुठेतरी 'लेन्स नसताना शटर सोडा' असा पर्याय असतो. तो चालू करेपर्यंत बटण कितीही दाबा, कॅमेरा ढिम्म. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनला, म्हणजे सेन्सर हलवून हाताची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेला, फोकल लेंग्थ हाताने सांगावी लागते. आधीच्या लेन्सचे ८५ तसेच राहिले तर सेन्सर गरजेच्या तिप्पट हलतो आणि स्थिर हातांनी काढलेला फोटो हलवून देतो. हे सगळं मी हौसेने पत्करलं होतं. पण हौस अनोळखी माणसाला समजावून सांगताना फार केविलवाणी वाटते.

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून लेन्सवरचं नाव वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद उजळला. "अरेच्चा, ही ती होय!" मग कुणाचे तरी गुडघे गेल्याची बातमी द्यावी त्या सुरात म्हणाले, "हिचे कोपरे गेलेत."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात. नऊ रिव्ह्यू बघितलेत मी. मध्यभाग उत्तम, बोके ठीक, कोपरे गेले."

इथे एक खुलासा हवा. बोके म्हणजे फोकसबाहेरच्या भागाचा पोत. रिव्ह्यूवाल्यांच्या तोंडी हा शब्द सतत असतो, आणि मराठी कानाला तो ऐकताना दर वेळी शेपटी दिसते. 'बोके फारच क्रीमी आहेत' हे वाक्य गंभीर चेहऱ्याने ऐकणं मला आजवर जमलेलं नाही. शिवाय २८ मिलिमीटरला एफ/२.८ वर प्रकाश आत घेणारं भोक जेमतेम १० मिलिमीटरचं. एवढ्याशा दारातून बोके येणार तरी किती? वाइड लेन्सच्या रिव्ह्यूत बोक्यांवर पाच मिनिटं घालवणारा माणूस लेन्स तपासत नसतो, वेळ भरत असतो.

"दाखवा बघू," असं म्हणत त्यांनी कॅमेरा माझ्या हातून नव्हे, थेट तिपाईवरूनच ताब्यात घेतला. अंगठ्याने फोटो मोठा केला आणि घर बघायला आलेल्या पाहुण्याने दिवाणखाना, खिडक्या सोडून सरळ मोरीचा कोपरा गाठावा तसे खालच्या उजव्या कोपऱ्यात गेले. "हे झाड बघा. मऊ आहे."

"वारा होता," मी म्हणालो.

त्यांनी फोटो डावीकडे सरकवला. "इकडचं नाही हललं?"

डावीकडचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं स्वच्छ होतं.

"तुमच्याकडे कुठली लेन्स आहे?" मी विषय बदलला.

"छे हो. माझ्याकडे कॅमेराच नाही. मी फक्त रिव्ह्यू बघतो. झोप छान लागते."

आणि मग, कॅमेरा नसलेल्या माणसाच्या सहजतेने, "माझा एक काढा ना" म्हणत ते कठड्याला टेकले. सूर्य मध्ये हवा म्हणून स्वतः अगदी कडेला. फोटो बघितला आणि चेहरा पडला. "मी एवढा आडवा आहे?"

आता हा लेन्सचा दोष नव्हे, भूमितीचा आहे. सरळ रेघ सरळच ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेची गोल वस्तू ताणते. सेन्सरची अर्धी रुंदी १८ मिलिमीटर, फोकल लेंग्थ २८, म्हणजे कडेचा माणूस मध्यापासून सुमारे ३३ अंशांवर. तिथे रुंदी उंचीच्या मानाने १९ टक्के फुगते. २१ मिलिमीटरची लेन्स असती तर ३२ टक्के फुगली असती. म्हणून ग्रुप फोटोत रुसव्याफुगव्याची माणसं मध्ये घ्यावीत आणि कडेला फुलदाणी. मी हे सगळं सांगितलं. वर हेही सांगून बसलो की ३६ सेंटिमीटर रुंद प्रिंट २८ सेंटिमीटरवरून एका डोळ्याने बघितली तर ताण दिसत नाही.

"आणि या पडद्यावर?"

पडदा सव्वासहा सेंटिमीटर रुंद. "पाच सेंटिमीटरवरून," मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच पस्तावलो. त्यांनी एक डोळा मिटला, तोंड पडद्याशी नेलं, नाक टचस्क्रीनला लागलं आणि समोर भलताच फोटो आला. त्याच्याकडे त्यांनी तेवढ्याच बारकाईने बघितलं. "हो, आता बारीक वाटतोय," म्हणाले. त्या फोटोत ते नव्हतेच.

जाता जाता खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं, "पण कॅरॅक्टर आहे हो हिला."

मराठीत एखाद्या माणसाला 'कॅरॅक्टर आहे' म्हटलं की त्याच्यापासून चार हात लांब राहायचं असतं. लेन्सला म्हटलं की ती कौतुकाने घ्यायची असते. वस्तुस्थिती साधारण अशी असते: कोटिंग, म्हणजे परतणारा प्रकाश कमी करणारा पातळ थर, नसलेली काच हवेच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परतवते. सात सुट्ट्या काचा म्हणजे चौदा पृष्ठभाग, आणि ९६ टक्के चौदा वेळा गुणले की हातात ५६ टक्के राहतात. बाकीचा आतल्या आत टोलवला जातो आणि त्यातला काही धुकं होऊन फोटोवर बसतो. झाइस कंपनीतल्या स्माकुला या शास्त्रज्ञाच्या कोटिंगच्या पेटंटचा अर्ज १९३५ मध्ये झाला तो हे धुकं घालवायला. आता काही रेट्रो लेन्स मुद्दाम साध्या, एकपदरी कोटिंगच्या येतात, धुकं थोडं परत आणायला. त्याला 'ड्रीमी' म्हणतात. मला त्याची चीड नाही. चीड याची, की त्याच धुक्याला स्वस्त लेन्समध्ये 'कॉन्ट्रास्ट कमी' म्हणतात.

कोपऱ्यांचं दुखणं मात्र रिव्ह्यूंपेक्षा फार जुनं आहे. तिरका प्रकाश मुळातच कमी पोचतो. साध्या, दोन्ही बाजूंनी सारख्या रचनेत २८ मिलिमीटरच्या कोपऱ्यात मध्याच्या ४० टक्केही प्रकाश पडत नाही, हे निव्वळ किरणाच्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने ठरतं. १९०० साली गोअर्त्झ कंपनीने हायपरगॉन नावाची लेन्स काढली, जवळजवळ १३५ अंश बघणारी. तिचे कोपरे इतके काळे यायचे की लेन्सपुढे चांदणीच्या आकाराचा पंखा बसवलेला असे. रबरी फुग्याने हवा मारायची, पंखा गरगरत मध्यावरचा प्रकाश अडवायचा, मग तो बाजूला पाडून उरलेलं एक्स्पोजर पुरं करायचं. कोपऱ्यांसाठी एवढे कष्ट! आजच्या रिव्ह्यूत 'पंख्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये येतो' म्हणून तिचे दोन गुण कापले गेले असते.

तर ते नऊ रिव्ह्यू. त्यातल्या बहुतेकांत भिंत असते, विटांची, दोन मीटरवरून. त्यातून लेन्स दोन मीटरवर कशी आहे ते कळतं. डोंगर कसा येईल ते नाही. फोकसचा पृष्ठभाग वाकडा असेल तर सपाट भिंतीवर कोपरे नापास होतात आणि तीच लेन्स दरीत पास होते. शिवाय कोपरे म्हणजे कुठल्या कॅमेऱ्यावरचे? सेन्सरवर फिल्टरच्या काचेचा थर असतो. लायकाच्या डिजिटल एम बॉडींत तो मिलिमीटरच्या आत, काही मिररलेस बॉडींत दोनच्या आसपास. फिल्मसाठी बेतलेल्या छोट्या वाइड लेन्सचे किरण कोपऱ्यात फार तिरके येतात आणि जाड काचेतून जाताना फाटतात. लेन्स तीच, निकाल वेगळा. हे वाक्य नऊपैकी किती जण उच्चारतात? पेटी उघडण्याला सहा मिनिटं, पितळ रणगाड्यासारखं कसं दणकट आहे याला तीन, आणि 'लिंक खाली दिली आहे' दोनदा. चार दिवस उसनी घेतलेली एकच लेन्स, आणि निकाल तमाम जगातल्या लेन्सचा.

झाड मात्र डोक्यातून जाईना. शेवटी गृहस्थांना खोटं पाडायचं या एकाच शुद्ध हेतूने लेन्स तपासायला घेतली.

पद्धत सोपी आहे, फक्त आळस नको. रात्री खूप लांबचा एकटा दिवा शोधायचा. कॅमेरा तिपाईवर, स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल, आणि सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या दुरुस्त्या बंद. अपर्चर, म्हणजे प्रकाशाचं भोक, पूर्ण उघडं, कारण ते बारीक करून एफ/८ वर नेलं की सगळ्याच लेन्स सज्जन असतात. दिवा मध्ये घेऊन, पडद्यावर जास्तीत जास्त मोठा करून फोकस करायचा आणि कडीला पुन्हा हात लावायचा नाही. 'अनंत' खुणेवर तर अजिबात विश्वासायचं नाही. मग तोच दिवा आळीपाळीने चारही कोपऱ्यांत. कोपऱ्यात ठिपक्याला पंख फुटणारच. बघायचं एवढंच की चारही पाखरं सारखी आहेत का.

तीन पाखरं होती. खालच्या उजव्या कोपऱ्यात फरपटलेलं काहीतरी.

पण डावीकडचं वरचं पाखरू जरा जास्तच नीटस होतं, आणि शंका आली ती तिथे. नुसता वाकडा पृष्ठभाग असता तर चारही कोपरे सारखे बिघडले असते. लेन्स कलली असेल तर एका बाजूला कल आणि वक्रता एकमेकांत भर घालतात, समोरच्या बाजूला एकमेकांना खोडतात. एक कोपरा बिघडतो आणि त्याच्या समोरचा उगाच सुधारतो. कलली हे नक्की. माझ्या कॅमेऱ्यावर ही लेन्स थेट बसत नाही, मध्ये अडॅप्टर, म्हणजे जोडकडी, लागतो. कशामुळे कलली, ते बघायला त्याच अडॅप्टरवर दुसरी, ५० मिलिमीटरची लेन्स लावली. तोच कोपरा फरपटला.

लेन्स लायकाच्या एम माउंटची, म्हणजे एम बॉडीवर बसणारी. त्या माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर २७.८० मिलिमीटर, माझ्या बॉडीचं १८, म्हणजे अडॅप्टर ९.८० हवा. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला. तीन ठिकाणी ठीक, चौथ्या ठिकाणी ९.७३. सात शतांश, साधारण एका केसाची जाडी. कडीवरच्या आकड्यांत लांब लेन्सला एवढं खपतं, वाइडला नाही. २८ मिलिमीटरला नुसता एक दशांशाचा घोळ झाला तरी कडीवर अनंत ७.८ मीटरच्या खुणेवर येऊन बसतं. ९० ला तेवढ्याच घोळात ते ८१ मीटरवर असतं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

अडॅप्टर बदलला. चारही पाखरं सारखी झाली. लेन्स निर्दोष आहे, नऊच्या नऊ रिव्ह्यू चुकले, आणि हे मला त्या कानटोपीला समोर उभं करून, मायक्रोमीटर हातात देऊन सांगायचंय. तिथे पुन्हा गेलो तर भेटतीलही. पण सगळं ऐकून घेऊन ते चष्मा कपाळावर चढवतील आणि एवढंच विचारतील, "म्हणजे झाड मऊ होतं ना?"

होतं.