ट्रॉली, हेल्मेट आणि नडगीचे हाड : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

माझ्या अपघाताविषयीच्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी अनेकदा वाचली आणि उत्तराला आठवडा लावला, कारण ती घाईने उत्तर देण्यासारखी नव्हती. आपले म्हणणे थोडक्यात असे, की अंधारात रेडियमच्या चमकत्या पट्ट्यांशिवाय उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मी दुचाकीवरून आदळलो, तरी त्या ट्रॉलीवाल्याला एक शब्द न बोलता सगळा उपदेश गाडी चालवणाऱ्यालाच केला. हेल्मेट शहरातल्या लोकांना ठीक आहे, पण भर मे महिन्यात ३ किलोमीटरवरच्या वावरात जाणाऱ्याने ते कशाला घालावे, आणि घालूनही माझा पाय मोडलाच ना, असे आपण विचारता. आपल्या मुलाच्या पायातही माझ्यासारखाच रॉड आहे, ८ महिने झाले तरी त्याची काठी सुटलेली नाही, आणि माझे 'चौथ्या महिन्यात शाळेत रुजू झालो' हे वाक्य वाचल्यापासून तो स्वतःलाच दोष देत बसतो, हेही आपण लिहिले आहे. त्याला पुन्हा गाडीवर बसू द्यावे की नाही, हा आपला शेवटचा प्रश्न आहे.

मुलाची गोष्ट आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. चौथ्या महिन्यात मी रुजू झालो हे खरे, पण दोन्ही बगलांत कुबड्या घेऊन, आणि मोठ्या भावाच्या गाडीवर मागे बसून. पाचव्या महिन्यात एक्स-रे काढला तेव्हा नडगीचे हाड एका बाजूने अजून उघडे दिसत होते. मग डॉक्टरांनी रॉडला अडकवलेल्या स्क्रूंपैकी एक काढला, म्हणजे पायावर भार दिला की हाडाची दोन्ही टोके एकमेकांवर दाबली जावीत आणि जुळण्याला चालना मिळावी. हे सगळे मी लेखात लिहिले नाही. त्या वेळी मला केवळ उभे राहिल्याचा आनंद लिहायचा होता, आणि तो वाचणाऱ्या दुसऱ्या मोडलेल्या पायाचा विचार माझ्या मनात आला नाही. आपल्या मुलाला माझ्यातर्फे एवढे जरूर सांगा, की नडगीच्या पुढच्या बाजूला मांस जवळजवळ नसते, तिच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, आणि म्हणून हे हाड मांडीच्या किंवा हाताच्या हाडापेक्षा हट्टी आहे. ते जुळायला चार ते सहा महिने लागणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्याहून अधिक लागले तर त्यात त्याच्या आळसाचा काही संबंध नाही.

मात्र ८ महिने झाल्यावरही काठी सुटत नसेल, तर नुसते वाट पाहणेही बरोबर नाही. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढतात, त्यांत हाडाच्या चार कडा दिसतात. त्यांपैकी किमान तीन कडांवर नवे हाड पुलासारखे पलीकडे पोचले आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पोचले नसेल तर स्क्रू काढणे, रॉड बदलणे, कंबरेचे थोडे हाड तिथे लावणे असे उपाय असतात आणि त्यांतला कोणता योग्य हे तेच ठरवतील. आणखी एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो, पण लिहितो. मुलगा खर्रा खात असेल तर त्याला तो सोडायला लावा. तंबाखूतले निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते आणि हाडाला जुळण्यासाठी रक्तच लागते. मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हे सांगितले होते, आणि मी सोडला तो पाचव्या महिन्यात, एक्स-रे पाहिल्यावर.

आता ट्रॉलीविषयी. ऑक्टोबरची संध्याकाळ होती, दारव्ह्याहून गावाकडे येत होतो, सोयाबीनची मळणी जोरात होती. ट्रॉलीचे चाक पंक्चर होते, तिच्यावर कुटार (भुसा) लादलेले होते, आणि मागे चार दगडांशिवाय काही नव्हते. तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावर माझी डावी नडगी आदळली. ट्रॉलीवाला जॅक आणायला गेला होता. आवाज ऐकून तो धावत आला, बाजूच्या कुंपणातल्या दोन तुराट्या मोडून त्याने माझा पाय त्यांच्यामध्ये घेतला, स्वतःच्या दुपट्ट्याने बांधला, आणि १०८ ला फोन लावून रुग्णवाहिका येईपर्यंत माझे डोके मांडीवर धरून बसला. तो पोलिसांना घाबरला असता आणि निघून गेला असता, तर काय झाले असते हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्याविरुद्ध लिहायला माझा हात धजला नाही. पण कृतज्ञता वेगळी आणि नियम वेगळा, हे आपले म्हणणे मी मान्य करतो. ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असलेच पाहिजेत, हे मी लेखात लिहायला हवे होते. त्यात अडचण आहे ती वेगळीच. माझ्या चुलतभावाच्या ट्रॉलीला मी स्वतः रेडियमच्या पट्ट्या लावल्या, तर आठ दिवसांत काळ्या मातीच्या चिखलाने त्या इतक्या माखल्या, की उजेड टाकूनही चमकेनात. पट्ट्यांबरोबर एक ओले फडके ट्रॉलीवर ठेवावे लागते आणि रस्त्याला लागण्याआधी ते फिरवावे लागते. बैलबंडीलाही तेच.

इथे मात्र माझे आणि आपले मत वेगळे होते. ट्रॉलीवाल्याची चूक शंभर टक्के धरली, तरी माझी गाडी थांबायला लागणारे अंतर त्याने एक हातभरही कमी होत नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, आणि हे गणित मी फळ्यावर मांडतो ते असे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. अडथळा दिसून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले, आणि कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तरी पुढे आणखी २८ मीटर, म्हणजे एकूण ५३. ताशी ४० ला हेच अंतर २९ मीटर होते. चालता येऊ लागल्यावर मी घरामागच्या पांदणीवर (शेतरस्त्यावर) रात्री एक मळकट पोते ठेवले आणि गाडीचा दिवा डिपरवर, म्हणजे खाली पाडलेल्या उजेडावर, लावून ते कुठपर्यंत दिसते ते पावलांनी मोजले. ४५ पावले भरली, म्हणजे साधारण ३३ मीटर. त्या संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीमुळे मी डिपरवर होतो आणि ६० च्या वेगात होतो. ट्रॉली दिसली तेव्हा ती टाळणे माझ्या हातात उरलेलेच नव्हते, कारण सगळे नीट केले असते तरी मी ताशी ५० च्या वेगाने तिच्यावर गेलो असतो. ट्रॉलीच्या जागी रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर असते तर मी रेडियमची तक्रार कोणाकडे केली असती?

त्यातही मी सगळे नीट केले नाही. घाबरून फक्त पायाचा ब्रेक दाबला. 'पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटी होते' हे आपल्याकडे गाडी शिकवतानाच मनात भरवले जाते, आणि ओल्या चिखलावर किंवा वळणावर एकदम दाबला तर ते खरेही आहे. पण सरळ कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी मुख्यतः तेच चाक थांबवते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी व्यवस्था किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, पण माझी गाडी त्याआधीची आहे, आणि आपल्या खेड्यांत अशाच गाड्या अजून पुष्कळ आहेत.

हेल्मेट घालूनही पाय मोडला, हे खरे आहे. ते पायासाठी नव्हतेच. पडल्यावर माझे डोके मागच्या बाजूने रस्त्यावर आपटले, आणि हेल्मेटला तिथे करंगळी जाईल एवढी भेग पडली आहे. ते मी अजून ठेवले आहे. ४५ अंशांच्या उन्हाचा त्रास मी नाकारत नाही, मीही याच उन्हात फिरतो. आत सुती दुपट्टा घडी करून बांधला तर घाम डोळ्यांत उतरत नाही, एवढाच मला सापडलेला उपाय आहे. पण 'वावर जवळ आहे आणि गाडी हळू आहे' हे कारण मला पटत नाही. माणसाचे डोके दीड मीटर उंचीवरून नुसते खाली आले, तरी जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास असतो, मग गाडी उभी का असेना. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे रस्त्यावर दगावली, आणि त्यांत १४,३३७ मागे बसलेली होती. हा आकडा वाचला त्या दिवशी मी पत्नीसाठी दुसरे हेल्मेट घेतले. वावरात जाताना ती एका बाजूला पाय सोडून बसते, हाताशी धरायला काही नसते, आणि इतकी वर्षे तिच्या डोक्यावर फक्त पदर होता.

मुलाला गाडीवर बसू द्यावे का, याचे उत्तर मी माझ्यापुरते देऊ शकतो. आमच्या गावाला एसटी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येते, म्हणून गाडी सोडून देणे मला शक्य नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी मी आणखी सहा आठवडे थांबलो. कारण थांबताना आपण उजवा पाय ब्रेकवर ठेवतो आणि डावा जमिनीला टेकवतो, आणि माझा डावाच पाय गेलेला होता. मी रोज संध्याकाळी अंगणात गाडी बंद ठेवून तिच्यावर बसत असे, ती हळूच डावीकडे झुकू देत असे, आणि तो भार त्या पायावर घेत असे. सुरुवातीला पाय थरथरत असे आणि भाऊ बाजूला हँडल धरून उभा राहत असे. ज्या दिवशी दहा वेळा सलग भार घेऊनही पाय थरथरला नाही, त्या दिवशी किल्ली फिरवली. आपल्या मुलाचा कोणता पाय आहे हे आपण लिहिलेले नाही. डावा असेल तर त्यालाही आधी हेच करू द्या, आणि हँडल आपण धरा.

आपला,
लेखक