५५ पेशंट पुरले, मग शेकडो पेपर का नाही पुरत?

नमस्कार, चिडून लिहिलंय तुम्ही हे कळतंय, पण मुद्दा दमदार आहे म्हणून उत्तर जरा मोठंच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लॅरोट्रेक्टिनिब या कॅन्सरवरच्या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं फक्त ५५ पेशंटच्या डेटावर मंजुरी दिली, तुलनेला दुसरा गटच नव्हता, तरी मी त्याचं कौतुक केलं, आणि वनौषधींच्या अर्कानं बॅक्टेरिया मरतात असे शेकड्यानं पेपर असताना मात्र "अजून काही सिद्ध नाही" म्हणून मोकळा झालो. म्हणजे कंपनीच्या औषधाला एक न्याय आणि झाडपाल्याला दुसरा.

न्याय एकच आहे हो. औषध दिलंच नसतं तर काय झालं असतं, एवढंच दोन्हीकडे विचारायचं.

त्या ५५ जणांत १७ वेगवेगळ्या प्रकारचे ट्यूमर होते, लाळग्रंथीचे, थायरॉइडचे, लहान मुलांतले सार्कोमा वगैरे, कॉमन गोष्ट एकच, टीआरके जीनचं फ्यूजन, म्हणजे ते जीन भलत्याच दुसऱ्या जीनला चिकटलेलं. त्यातल्या साधारण ७५ टक्के लोकांच्या गाठी चांगल्या आक्रसल्या. पसरलेला कॅन्सर आपणहून असा आक्रसत नाही, अगदी क्वचित एखादी केस सोडली तर, म्हणून तुलनेचा गट नसूनही त्या आकड्याला अर्थ आहे. जीआयएसटी या पोट-आतड्यातल्या दुर्मिळ गाठीत तर २००० साली फिनलंडमध्ये एकाच बाईंना इमॅटिनिब हे औषध देऊन बघितलं होतं, आधीच्या केमोला दाद न देणाऱ्या गाठी काही आठवड्यांत लहान झाल्या, मग १४७ जणांची ट्रायल आणि २००२ मध्ये मंजुरी. आता अशा ट्रायलमधून आयुष्य नेमकं किती वाढलं ते कळत नाही, तिथे तुमचा आक्षेप बरोबरच आहे. आणि फरक इतका ढळढळीत नसेल तेव्हा दुर्मिळ आजारातही तुलना करावीच लागते. ऑस्टिओसार्कोमाच्या, म्हणजे हाडांच्या एका दुर्मिळ कॅन्सरच्या, युरामॉस ट्रायलसाठी १७ देशांतून २२६० पेशंट गोळा केले, केमोला नीट दाद न दिलेल्यांपैकी अर्ध्यांना जास्तीची दोन औषधं दिली, फायदा काही झाला नाही, साइड इफेक्ट तेवढे वाढले.

आता तुमचे शेकडो पेपर. बहुतेकांत काय असतं बघा, अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, प्लेटवर बॅक्टेरिया पसरायचे, त्यात बारीक भोकं पाडायची, अर्क भरायचा, रात्रभर ३७ डिग्रीला ठेवायचं आणि सकाळी भोकाभोवती बॅक्टेरिया न वाढलेला जो स्वच्छ गोल दिसतो तो मिलिमीटरमध्ये मोजायचा. शेजारी जेंटामायसिन या अँटिबायोटिकची चकती असते, दोन्ही गोल जवळपास सारखे आले की "अँटिबायोटिकच्या तोडीचं" असं लिहून मोकळे! पण चकतीत औषध असतं १० मायक्रोग्रॅम. मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम असा अर्क ५० मायक्रोलीटर भरला तर त्या भोकात झाले ५००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० पट. शिवाय गोल किती मोठा होणार हे त्या पदार्थाचे रेणू अगरमध्ये किती पसरतात यावरही ठरतं, त्यामुळे दोन वेगळ्या गोष्टींचे गोल शेजारी ठेवून मोजण्यात फारसा दम नाही. आणि अर्क इथेनॉलमध्ये काढलेला असेल तर नुसतं इथेनॉल भरलेलं एक भोक हवंच, कारण बॅक्टेरिया त्यानं पण मरतात. ते भोक कितीतरी पेपरांत सापडतच नाही (आणि रिव्ह्यूअरनं ते विचारलं कसं नाही, हा माझा जुना त्रागा आहे).

आणि प्लेटवर मरतात म्हणजे माणूस बरा होतो असंही नाही. अ‍ॅक्टिनोमायसिन १९४० साली मातीतल्या जंतूंपासून मिळालं, बॅक्टेरिया झकास मारायचं, पण इतकं विषारी की अँटिबायोटिक म्हणून बाद झालं. गंमत म्हणजे पुढे तेच विल्म्स ट्यूमरवर, म्हणजे मुलांच्या किडनीतल्या दुर्मिळ गाठीवर कामाला आलं, आणि त्याच्या जोडीला जे व्हिन्क्रिस्टिन देतात ते सदाफुलीतलं आहे! तेव्हा मला झाडपाल्याचं वावडं आहे हे काही पटत नाही.

"आमच्याकडे काढा घेऊन घसा चार दिवसांत बरा होतो" हे तुमचं वाक्य. होत असेल की, पण घसादुखीच्या ट्रायल्समध्ये अँटिबायोटिक न घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक आठवड्यात आपोआप बरे झालेत. इथे तुलनेचा गट नसेल तर श्रेय काढ्याला द्यायचं की शरीराला, कसं ठरवणार? गाठीचं तसं नसतं, फरक आहे तो इथे.

पेटंट मिळत नाही म्हणून कुणी पैसे घालत नाही, हे मात्र बरंचसं खरं. तरी जर्मनीत सरकारी पैशातून लघवीच्या इन्फेक्शनवर ३९८ बायकांची ट्रायल झालीय, उवा अर्सी ही वनस्पती विरुद्ध फॉस्फोमायसिन हे अँटिबायोटिक. उवा अर्सीच्या गटात अँटिबायोटिकचा वापर खूप कमी झाला, पण त्रास जास्त झाला आणि किडनीपर्यंत इन्फेक्शन जाण्याच्या केसेस पण त्या गटात जास्त होत्या. असा एक अभ्यास मला प्लेटवाल्या शंभर पेपरांपेक्षा मोलाचा वाटतो, निकाल कुठल्याही बाजूनं लागो.

तुमच्या लिंक्सपैकी शेवटच्या पेपरात एमआयसी (बॅक्टेरियांची वाढ थांबवायला कमीत कमी किती अर्क लागतो ते प्रमाण) दिलीय आणि इथेनॉलचं भोकही आहे, तो नीट वाचून त्यावर वेगळं लिहितो. बाकीच्यांत नुसते गोलच आहेत.