सहीपुरता पालक

वादाला तोंड फोडले ते रिक्षावाल्या मामांनी. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या कट्ट्यावर चहा येण्याआधीच त्यांनी सांगितले की नातीच्या शाळेतून सकाळी अकराच्या सभेचा निरोप आला आहे आणि ते जाणार नाहीत. कारण तिथे गेल्यावर वहीवर सही घेतात, दुसरे काहीच विचारत नाहीत.

वकीलसाहेबांना हे पटण्यासारखे नव्हते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, शाळेचा विकास आराखडाही हीच समिती तयार करते, असे असताना पालकांनी पाठ फिरवणे म्हणजे हातातला अधिकार टाकून देणे होय, असे त्यांचे म्हणणे. अनुदानित खासगी शाळांत ही समिती केवळ सल्ला देते, हे मात्र त्यांनी जरा हळूच सांगितले.

निवृत्त गुरुजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी हंगामी वसतिगृहाचा विषय काढला. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर गेले की मूल कोयत्यामागे जाऊ नये, आजीआजोबांजवळ राहून त्याची शाळा सुरू राहावी, यासाठी गावातच त्याच्या जेवणाची सोय करायची, अशी ही योजना असून ती चालवण्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते. स्वयंपाकाला कोण, किराणा कुठून, कोणते मूल कोणाच्या घरी झोपणार, हे ठरवायचे असल्यामुळे त्या बैठकांना बायाबापड्या न बोलावता येत असत, असे गुरुजींनी सांगितले. ‘पण त्याआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आम्ही रात्री घरोघरी जात होतो. दिवसा घरी कोण सापडणार?’

वकीलसाहेबांनी यातून आपलाच मुद्दा काढला: हातात निर्णय आणि पैसा आला की माणसे येतात. शुल्क विनियमनाच्या कायद्याने खासगी शाळांच्या पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती सोडत काढून निवडली जाते, आणि शुल्कवाढीचा प्रस्ताव आला की सभेला बसायला जागा उरत नाही, हे त्यांचे उदाहरण. मला ते बिनतोड वाटले, आणि थोडे अस्वस्थ करणारेही.

गुरुजींनी विचारले, ‘त्या भरलेल्या सभेत मुलाला वाचता येते का, हे कोणी विचारते का?’ पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम 24 ने शिक्षकाचे कर्तव्य ठरवले आहे. तेव्हा मजुरी बुडणार नाही अशी वेळ शोधणे हेही शिक्षकाचेच काम आहे, पालकाचे नव्हे, असे ते म्हणाले. स्वतः शिक्षक असलेल्या माणसाने हे बोलावे, याचे वकीलसाहेबांनाही नवल वाटले.

मामांनी खिशातून घडी घातलेले प्रगतिपत्रक काढले. नात चौथीत आहे, मराठीपुढे ‘ब-2’ लिहिले आहे. ‘म्हणजे हिला वाचता येतं का नाही?’

गुरुजींनी पत्रक उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, ‘यावरून मलाही सांगता येणार नाही. उद्या तिची वही घेऊन या, आणि तिलाही आणा.’