माळ्यावरचा डेव्हलपर: फिरत्या सल्ल्याचं काय करायचं?

घरी कृष्णधवल फिल्मचे रोल धुणाऱ्या सोलापूरकरांत डेव्हलपरबद्दल, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाबद्दल, एक सल्ला फिरतोय: ‘बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर मिळालेला डेव्हलपर बिनधास्त वापरा, तो मरत नाही. तपकिरी झाला तरी वेळ दुप्पट करा. पाणी नळाला येईल तसं, गरम-गार न बघता घ्या. शेवटी रोल अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवा.’

‘मरत नाही’ ही ख्याती १८९१ सालच्या रोडिनाल या द्रव डेव्हलपरची. ते कोऱ्या चहासारखं काळं पडलं तरी काम करतं. १९२७ सालच्या डी-७६ या पावडरीच्या डेव्हलपरला हा न्याय लागू नाही. त्याची पावडर पांढरट हवी. तपकिरी ढेकूळ झाली असेल, तर पाकिटात हवा शिरलीय आणि चित्र उमटवणारं मेटॉल-हायड्रोक्विनोन खर्ची पडलंय.

मेलेल्या डेव्हलपरला दुप्पट वेळ दिला, की फॉग (फिल्मभर पसरणारा काळपटपणा) वाढतो. सावलीतला तपशील काही येत नाही. शंका असेल तर रोलच्या टोकाचा, उजेड लागलेला तुकडा कापून नेहमीच्या वेळेपुरता त्यात बुडवा. उजेडातच केलं तरी चालतं. दुसरा तुकडा ताज्या द्रावणात. दोन्ही फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) बुडवून बल्बसमोर धरा. जुना फिका दिसला, तर मोरीत ओता.

जुन्याची हौस असेलच, तर सूत्र जुनं घ्या, रसायनं ताजी. डी-२३ या घरी बनवता येणाऱ्या डेव्हलपरमध्ये दोनच लागतात: मेटॉल ७.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाईट १०० ग्रॅम. (सल्फेट नव्हे! दुकानात लेबल वाचूनच घ्या.) सराफी काट्यावर तोला. ७५० मिली पाणी ५० अंशांना, त्यात चिमूटभर सल्फाईट, मग मेटॉल. ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाईट. शेवटी एक लिटर करा. सगळं सल्फाईट आधी घातलंत तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्याने साका बसतो, म्हणून बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर.

तापमानाबाबतचा सल्ला तर मे महिन्यात थेट रोल बिघडवणारा. २० अंशांना १० मिनिटं लागत असतील, तर २४ ला साधारण ७. गच्चीवरच्या टाकीतल्या तापलेल्या पाण्यात वेळ इतकी कमी उरते, की डेव्हलपिंग डागाळ होतं. पहाटे बसा. टबात बर्फाची बाटली टाकून डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी, तिन्ही एकाच तापमानाला आणा. थंड द्रावणातून एकदम गरम पाण्यात गेलेल्या रोलच्या जिलेटिनला जाळीसारख्या भेगा पडतात.

आणि अर्धा तास नळ? पाणी रोज न येणाऱ्या गावात? हार्डनर (जिलेटिन कडक करणारं रसायन) नसलेला फिक्सर असेल तर इलफर्ड या फिल्म कंपनीची रीत पुरते: टँक (रोल धुण्याचा बंद डबा) भरून ५ वेळा उलटसुलट करा, पाणी बदला, १० वेळा, पुन्हा बदला, २० वेळा. एका ३५ मिमी रोलला लिटरभर पाण्यात भागतं.