आवाज गेला, ब्रेकही गेला

गेल्या रविवारी मी सिंहगडावरून सायकल घेऊन चालत उतरलो. अख्खा घाट. वाटेत बावीस जणांनी ‘पंक्चर का?’ असं विचारलं. नेमका आकडा सांगता येतो, कारण मोजण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

वर गाडीतळापाशी ताक पीत उभा होतो. चढताना पावसाने डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची पोलादी चकती, भिजली होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड होते सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले. त्यामुळे सायकल थांबवताना ब्रेक किंचाळला. ओल्या धातूच्या पॅडची ती खोडच आहे. उतारावर चार-सहा वेळा दाबले की डिस्क तापते, सुकते आणि गप्प बसते. हे मला माहीत होतं. शेजारी पोपटी रेनकोटात, डोक्याला दुधाची पिशवी बांधून उभ्या असलेल्या काकांना याहून बरंच जास्त माहीत होतं.

“ओरडतोय,” काका म्हणाले.

“पाण्यामुळे. सुकला की थांबेल.”

“सुकला की आणखी ओरडेल. कोरडा पडलाय तो. बिजागरी का ओरडते?”

“काका, बिजागरीला काही थांबवायचं नसतं.”

काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “पुण्यात किती वर्षं?”

“जन्मापासून.”

“मग एवढं कळायला हवं.”

मी ग्लास परत करायला आणि भज्यांचे पैसे द्यायला वळलो. सुट्टे नव्हते, त्यात दोन-तीन मिनिटं गेली. परत येतो तो काका उकिडवे बसलेले. हातात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, तीच ती बारीक नळीची. स्कूटरच्या डिकीत ती कायम असते, असं नंतर कळलं. डाव्या हाताने चाक हळूहळू फिरवत, उजव्या हाताने दोन पॅडच्या मधल्या फटीत थेंब-थेंब तेल सोडणं चालू होतं. समईत तेल घालताना माणूस जसा श्वास रोखतो, तसा चेहरा. मागचं चाक झालं होतं, पुढचं चालू होतं.

“काका!”

“थांबा, दोन थेंब राहिलेत. आत पोचायला हवं. वरवर लावून उपयोग नसतो.”

मग त्यांनी उठून ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली. ती जात राहिली. “बघा. आला आवाज?”

आवाज खरंच आला नाही. “मऊ झाला,” काका खुशीत म्हणाले. माझी साखळी मात्र पावसाने धुऊन कुरकुरत होती. मी खवचटपणे म्हटलं, “आता साखळीलाही सोडा थोडं.”

“छे! साखळीला तेल लावू नये. धूळ धरते.”

आणि मी त्यांना ‘थँक्यू’ म्हणालो. तेलापेक्षा याचाच राग अजून गेलेला नाही.

आता तेलाने काय होतं ते. पॅड दगडासारखा दिसला तरी सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो. डिस्क वाचते. आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं, ९० टक्क्यांच्या वरचं घ्या) आणि धुतलेला सुती कपडा घेऊन कपडा काळा होईना इतके वेळा पुसायची. वाटल्यास बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून पुन्हा पुसायची. रॉकेल नको, तेही मागे तवंग सोडतं. पॅड मात्र गेले. ‘गॅसवर भाजून घ्या’ हा सल्ला मला या चार दिवसांत तिघांनी दिला. भाजल्यावर वरचं तेल जळतं, आत मुरलेलं पहिल्या लांब उतारावर तापून बाहेर येतं. वर त्या धुराने घर भरतं. पॅड टाकून द्यावेत. मी दोन जोड्या टाकल्या.

तेल न पाजताही ब्रेक नीट लागत नाही, तेव्हा लोक आधी खर्चाकडे धावतात. आधी फुकटातलं करावं. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून तो हँडलवर आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या अगदी टोकाला पडेल. इथे काकांची बिजागरी कामाला येते: दार बिजागरीपासून लांब, कडेला धरून ढकललं की हलकं जातं. बरेच लोक लिव्हर मध्यावर दोन-तीन बोटांनी आवळतात आणि मग ब्रेकला शिव्या देतात.

मग कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड ज्यात बसतात तो चिमटा. त्याचे दोन्ही बोल्ट थोडे सैल करायचे, लिव्हर घट्ट दाबून धरायचा, आणि दाबलेला असतानाच बोल्ट आलटून-पालटून आवळायचे, शिमानो कंपनीच्या ब्रेकवर ६ ते ८ न्यूटन-मीटर. डिस्क बरोबर मध्ये आली तर दोन्ही पॅड सपाट टेकतात. तिरकं टेकणारं पॅड एका कडेने झिजतं, आणि दाबलेलं बळ डिस्क वाकवण्यात जातं.

सायकल उलटी करून चाक काढायची सवय असेल तर हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि लिव्हर स्पंजासारखा होतो. मग ब्लीडिंग, म्हणजे तेलातली हवा बाहेर काढणं. इथे दुसऱ्या जातीचे काका भेटतात, मोटारसायकलवाले: “ब्रेक ऑइल सगळं सारखंच.” नाही हो. शिमानोत मिनरल ऑइल असतं, मोटारसायकलीत डॉट नावाचं वेगळंच द्रव. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की आतले रबरी सील फुगतात, आणि मग ब्लीडिंगचे वाचवलेले पैसे अख्ख्या ब्रेकवर जातात.

खर्चच करायचा तर पुढची डिस्क मोठी करा. १६० मिलिमीटरवरून १८० ला गेलात तर तेवढ्याच दाबाला चाक थांबवणारा टॉर्क, म्हणजे पिळबळ, साडेबारा टक्के जास्त मिळतो, २०३ ला जवळपास सत्तावीस टक्के. कॅलिपर तोच, फक्त अॅडॅप्टर लागतो. पुढचीच आधी, कारण ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळका, किती मोठी डिस्क झेपवतो ते मात्र आधी बघा.

मोठी डिस्क उष्णताही जास्त पचवते, आणि घाटात खरा प्रश्न तोच. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा आणि उतार ६०० मीटरचा: साधारण ५३० किलोज्यूल ऊर्जा. थोडी वारा घेतो. सगळी ब्रेकमध्ये गेली तर दीड लिटर पाणी उकळेल, गाडीतळावरच्या निम्म्या लोकांचा चहा. म्हणून ब्रेक सतत घासत उतरू नये. वळणाआधी जोरात दाबून वेग उतरवावा आणि सोडावा, म्हणजे डिस्कला वारा लागतो. रेझिनचे, म्हणजे धातूऐवजी राळेने बांधलेले पॅड फार तापले की गुळगुळीत चकाकतात आणि धरत नाहीत. पावसा-चिखलात आणि लांब उतारावर सिंटर्ड बरे, फक्त आधी डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलंय का ते वाचा. असेल तर ती डिस्क मऊ पोलादाची, सिंटर्ड तिला खाऊन टाकतात. दुकानदार हे सांगत नाहीत. त्यांनी वाचलेलंच नसतं.

आणि स्वस्तातल्या सायकलींबद्दल बोलायलाच नको, पण बोलतो. फ्रेमवर केवढा तो ‘डिस्क ब्रेक’चा स्टिकर! आत काय, तर केबलवरचा ब्रेक, त्यात एकच पॅड हलतं आणि डिस्कला वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतं. तो निदान नीट लावून तरी द्यावा! स्थिर पॅड अॅलन कीने डिस्कपासून कागदाएवढ्या अंतरावर आणायचं, पाच मिनिटांचं काम. त्याऐवजी केबल ताणून कॅलिपरची दांडी अर्धी ओढून ठेवतात. दांडीचा अर्धा फेरा तिथेच संपतो, आणि पॅड जरा झिजलं की लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल चालूच. हे मुलांच्या सायकलींवर सर्रास दिसतं, आणि ते मला विनोदी वाटत नाही.

नवे पॅड काल आले. नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत. डिस्कवर त्यांच्या मसाल्याचा, म्हणजे घासणाऱ्या भागाचा, पातळ थर बसावा लागतो. त्यासाठी ताशी वीसच्या वेगाने जायचं, एकसारखा दाब देत चालण्याच्या वेगावर यायचं, चाक अडकू द्यायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही. असं वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगाने दहा वेळा. काल रात्री सोसायटीच्या आवारात मी हेच करत होतो. सतराव्या खेपेला वॉचमन खुर्चीवरून उठला.

“साहेब, ब्रेक अडकतोय का? गेटला लावायचं तेल आहे आपल्याकडे.”

मी सायकल खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर नेली. लिफ्ट बंद होती.