मिक्सर मोजला, भांडं मोजायचं राहिलं

नमस्कार ताई,

तुमचं किचन आम्ही बनवलं, त्या कामाला तुम्ही दोन स्टार दिले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओट्यावर काहीच दिसणार नाही असं सांगितलं होतं, पण आज मिक्सर, मायक्रोवेव्ह, केटल सगळं ओट्यावरच आहे आणि पोळी लाटायला दीड फूट जागा उरली. ओट्याच्या कोपऱ्यातलं सरकतं शटर अडकतं, पिठाच्या चक्कीची ट्रॉली निकामी झाली, संध्याकाळी लाइन ट्रिप होते, उन्हाळ्यात कूलर लावला की गॅस फडफडायचा. प्लाय हलका वापरला आणि 21 दिवस सांगून 48 लावले.

शनिवारी मी स्वतः येऊन पाहून गेलो. तुम्ही शाळेत होता, सासूबाईंनी चहा पाजला आणि चांगलं सुनावलंही. म्हणून उत्तराला चार दिवस लागले.

पहिले मिक्सरचं, कारण ती चूक सरळ आमची. कोपऱ्यातल्या शटरमागं मिक्सर राहील, असं मी म्हटलं होतं. आमच्या पोरानं माप घेतलं तेव्हा मिक्सर नुसता होता, वर भांडं नव्हतं. त्या हिशेबानं शटरच्या आत 16 इंच उंची ठेवली. शनिवारी मोठं भांडं लावून, झाकण बसवून टेप धरला तर साडेअठरा इंच भरले. म्हणजे चटणी वाटायची तर मिक्सर दोन्ही हातांनी बाहेर ओढा, वाटा, भांडं उतरवा, परत आत सरकवा. सकाळच्या घाईत दोन डबे भरणारी बाई हे चार दिवस करेल, पाचव्या दिवशी मिक्सर बाहेरच राहील. तसा तो राहिला. सासूबाई म्हणाल्या, सुनेला आवरायचा कंटाळा. नाही हो, माप आमचं चुकलं.

आणि खरं सांगू का, उंची बरोबर असती तरी ते शटर मी आज लावलं नसतं. रोज लागणारी मशीन लपवायची नाही, हे मला पंधरा-वीस किचन केल्यावर उमगलं. मोबाइलवरचे फोटो दाखवून मीच तुम्हाला भुलवलं. त्या फोटोतल्या ओट्यावर एक लिंबांची वाटी असते, बस. आपल्याकडं तिथं दुधाचं पातेलं, मिठाची बरणी, तेलाचा डबा नि भिजत घातलेली डाळ असते.

ओटा तुमचा 9 फूट. शेगडीला अडीच गेले, सिंकला दोन, भांडी निथळायला दीड. उरले तीन. त्यात मायक्रोवेव्ह दीड फूट खातो आणि मिक्सर नि केटल निथळायच्या जागेत घुसलेत. हा हिशेब कागदावर पहिल्याच दिवशी करायला हवा होता. मी भिंत मोजली. तुमच्या घरात कोणती मशीन रोज चालते नि कोणती सणावारालाच निघते, हे विचारलंच नाही.

आता करायचं असं. शटर काढून टाकतो, त्याचे पैसे परत. कोपरा मोकळा झाला की मिक्सर तिथंच भांड्यासकट उभा राहील, मागं स्विच आहेच. मायक्रोवेव्ह फ्रिजच्या बाजूच्या उभ्या कपाटात, छातीच्या उंचीवर. डोक्याच्या वर नको, गरम वाटी उतरवताना अंगावर येते. त्याच्या वर आणि मागं हवा खेळायला जागा सोडावी लागते. किती, ते त्याच्यासोबतच्या पुस्तिकेत असेल, ती शोधून ठेवा. सँडविच टोस्टर नि फूड प्रोसेसर महिन्यातून एकदा निघतात असं सासूबाई सांगत होत्या. ते खालच्या ड्रॉवरमध्ये. माळ्यावर जड मशीन चढवायची नाही, मग ती दिवाळीलाही उतरत नाही.

शटर अडकतं त्याचं कारण वेगळं आहे. शटरची एक पट्टी प्लायला बसवली आणि दुसरी भिंतीला. मार्चमध्ये ओळंबा लावून पाहिला होता, सरळ होतं. पण तुमचं घर काळ्या मातीवर आहे. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरची भिंत तिच्यासोबत हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेलीय, पाहिली असेल. शनिवारी ओळंबा सोडला तर भिंतीकडची पट्टी दीड सूत कलली होती. दीड सूत म्हणजे करंगळीच्या नखाइतकंही नाही, पण शटरला तेवढं पुरतं. हिंगणघाटच्या आसपास काम करणाऱ्या वाढयानं, म्हणजे सुतारानं, दोन्ही पट्ट्या प्लायच्या पेटीलाच बसवायच्या असतात. इथलाच असून मी ते विसरलो, त्याला सबब नाही.

चक्कीच्या ट्रॉलीला मी आधी नाही म्हटलं होतं, मग तुमचा आग्रह पाहून हो म्हटलं. नाहीवरच राहायला पाहिजे होतं. चक्की जड असते, चालताना थरथरते आणि पीठ उडवते. ट्रॉली ज्यावर सरकते तो चॅनल काढून पाहिला तर बॉलबेअरिंगमध्ये ज्वारीच्या पिठाचा लगदा, चिखल वाळल्यासारखा. ती ट्रॉली काढतो, पैसे परत. चक्की तिच्या चाकांवर फरशीवरच बरी. ओट्याच्या टोकाखाली जागा मोकळी करून देतो, दळायचं तेव्हा मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत न्या.

ट्रिपचं. वायरिंग घर बांधतानाचं आहे, आमचं नाही. पण तपासायचं काम आमचं होतं. ओट्यावरचे सगळे स्विच 16 अँपिअरच्या एकाच लाइनवर आहेत, म्हणजे 230 व्होल्टवर 3,680 वॅट. इंडक्शन 2,000, केटल 1,500, मायक्रोवेव्ह 1,200, मिक्सर 750. चारही चालले तर 5,450 होतात. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडतो तो त्याचं काम करतो, कोणी सांगितलं तरी मोठा बसवू नका, आतली वायर तापेल. इंडक्शनला 4 चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन टाकावी लागेल. मजुरी आमची, वायर आणि एमसीबीचे पैसे तुमचे. हे मला रास्त वाटतं, तुम्हाला नसेल वाटत तर बोलू.

आता दोन गोष्टी मला मान्य नाहीत, त्याही लिहितो.

हॉल आणि किचन यांच्यामध्ये 42 इंचांची अर्धी भिंत ठेवा असं मी म्हटलं होतं, कागदावर तसं रेखाटूनही दिलं होतं. ओटा 33 इंच, म्हणजे वर 9 इंचांची आड. सोफ्यावरून ओट्यावरचा पसारा दिसत नाही आणि हॉलच्या खिडकीतल्या कूलरचा वारा थेट शेगडीवर येत नाही. हॉल लहान दिसतो म्हणून तुम्ही ती नको म्हटली. घर तुमचं, हक्क तुमचा. पण मे महिन्यात 45 अंशांत कूलर बंद ठेवून कोणी सैपाक करणार नाही, हेही तेव्हा बोललो होतो. आजही ती भिंत प्लायची करून देता येते, विटा नकोत. आणि रस्स्याचा मसाला परतायचा असेल त्या दिवशी सपरीतली शेगडी वापरा. उघड्या किचनमध्ये तो तेलकट धूर मिक्सरच्या जाळीत आणि सोफ्याच्या खोळीत जाऊन बसतो, चिमणी सगळा ओढत नाही.

प्लाय हलका नाही. नागपूरच्या लकडगंजातून आणलेला आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आहे, 18 मिलिमीटर. सिंकखालच्या कपाटाची मागची फळी जाणूनबुजून लॅमिनेटशिवाय ठेवली, तिच्यावर शिक्का आहे. टॉर्च लावून बघा. उधईचं, म्हणजे वाळवीचं औषध मात्र आमच्याकडून फक्त खालच्या पेट्यांना मारलं गेलं, उभ्या कपाटाला राहिलं. तेही मारून देतो.

उशिराबद्दल तुम्ही लिहिलं ते खरं. लग्नसराईत दुसरं काम हातात घेतलं आणि तुमचं मागं पडलं.

स्टार बदला असं मी म्हणणार नाही. येत्या बुधवारी सकाळी 10 वाजता दोन पोरं घेऊन येतो. तुम्ही शाळेत असाल तर सासूबाईंना सांगून ठेवा, की मिक्सर मोठं भांडं लावून, झाकणासकट कोपऱ्यात उभा करून ठेवायचा. या वेळी टेप मी धरतो.